सर खोकले होते

गेली पंचवीसेक वर्षं मी एक गोष्ट सांगत आलेय. वर्गात सांगते, लग्नाकार्यात जुन्या मैत्रिणी भेटल्या की सांगते, एकदा तर रिफ्रेशर कोर्सला चहाच्या रांगेत उभ्या असलेल्या पूर्ण अनोळखी बाईंना सांगितली. गोष्ट एवढीशीच आहे. १९९९ चा एप्रिल, टीवायबीए, मानसशास्त्राचा पेपर. आदल्या रात्री आम्ही तिघी 'काय येणार' याचा हिशेब मांडत बसलेलो, आणि मी ठणकावून म्हणाले, "झायगार्निक येणार. लिहून ठेवा." दुसऱ्या दिवशी पेपर हातात पडला. टिपा लिहा, कोणत्याही दोन. त्यातली दुसरीच टीप, झायगार्निक परिणाम!

ऐकणारे इथे 'वा' म्हणतात. मग मी जरा थांबून झायगार्निक बाई कोण ते सांगते आणि भाव खाऊन घेते.

गेल्या महिन्यात बार्शीने त्या रात्रीच्या वहीचा फोटो ग्रुपवर टाकला.

बार्शी हे अर्थातच नाव नाही. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात आम्ही कॉट बेसिसवर राहायचो. एक खोली, तीन कॉट, एक टेबल आणि भिंतीत एक फडताळ, ज्याचं दार लागत नसे. घरमालकीण आजींना नावं लक्षात ठेवायचा कंटाळा होता. मुली दर दोन वर्षांनी बदलणार, कशाला नावं शिकायची? त्यामुळे "बार्शी, नळ बंद कर", "लातूर, तुझा फोन आलाय", "संगमनेर, भाडं" असा कारभार चाले. संगमनेर म्हणजे मी. पुढे आम्हीही एकमेकींना तशाच हाका मारायला लागलो. अकरा वाजता दिवा बंद हा आजींचा नियम होता, म्हणून परीक्षेच्या दिवसांत आमची बैठक जिन्यातल्या दिव्याखाली भरायची. वरच्या पायरीवर बार्शी, मधल्यावर मी, आणि खालच्या पायरीवर भिंतीला टेकून लातूर. डास होतेच.

वही बार्शीची होती. फुलस्केप, मधल्या पानावर आडव्या-उभ्या रेघा मारलेल्या. वर वर्षं, १९९३ ते १९९८. डाव्या हाताला विषय. अप्पा बळवंत चौकातून आणलेले जुने पेपर समोर पसरून आम्ही त्या चौकटींमध्ये खुणा केल्या होत्या. मोठा प्रश्न आला असेल तर फुली, टीप आली असेल तर टिंब. एवढं झालं की पानाकडे जरा लांबून बघायचं, ज्योतिषी पत्रिकेकडे बघतो तसं. साधक अभिसंधान, '९३ फुली, '९५ फुली, '९७ फुली. म्हणजे यंदा हमखास. विस्मरणाची कारणं '९७ आणि '९८ लागोपाठ, म्हणजे यंदा विश्रांती. वुंट, लाइपझिग, १८७९ (मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा) हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं, आणि बहुधा म्हणूनच ते कधी येत नसे.

उरलेलं ऑप्शनला. ज्यांनी आयुष्यात एकही प्रकरण ऑप्शनला टाकलं नाही त्यांच्याशी माझं फारसं जमत नाही. आम्ही त्या वर्षी 'विचार आणि निर्णय' हे प्रकरण टाकलं होतं. सहा वर्षांत दोन टिंबं, बस. माणसं अंदाज कसे बांधतात, कुठे फसतात, पुराव्याकडे दुर्लक्ष कसं करतात, हे सगळं त्याच प्रकरणात होतं. जिन्यात बसून आम्ही ते जगत होतो आणि पुस्तकातली ती पानं मात्र क्लिप लावून बंद केली होती.

त्या पानांत नाण्याचं उदाहरण असतं. पाच वेळा छापा पडला म्हणून सहाव्यांदा काटा पडायची शक्यता वाढत नाही, तरी माणसाला वाटतं की आता काट्याची पाळी आहे. हे मी आता दरवर्षी शिकवते, आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "मॅडम, मग एक वर्षाआड प्रश्न येतो तेही खोटं का?" पुस्तकी उत्तर 'हो' असं आहे, आणि ते चूक आहे. नाण्याला स्मरणशक्ती नसते. पेपर काढणाऱ्याला असते. मी स्वतः काही वर्षं पेपर काढले आहेत. मागच्या दोन-तीन वर्षांचे पेपर शेजारी ठेवूनच बसतो आपण, कारण गेल्या वर्षीचाच प्रश्न पुन्हा गेला तर लोक बोलतात. कुठल्या प्रकरणाला किती गुण ते ठरलेलं असतं. आणि रात्रीचे साडेदहा वाजले, एक प्रश्न अजून हवाय आणि डोकं चालेनासं झालं, की हात आपल्या आवडत्या विषयाकडेच जातो. तेव्हा पोरं जे पाहतात ते अगदीच हवेतलं नसतं. फक्त त्यांचा एक गैरसमज असतो की पलीकडे एकच माणूस बसलाय. प्रत्यक्षात एकापेक्षा जास्त संच मागवले जातात, आपला छापला जाणार की दुसऱ्याचा हे काढणाऱ्यालाही ठाऊक नसतं. गेल्या वर्षीचा एकाने काढलेला, यंदाचा दुसऱ्याने. स्मरणशक्ती आहे, पण ती तुकड्यातुकड्यांची. अशा माणसांचा अंदाज बांधणं नाण्याहून सोपं आणि माणसाहून अवघड आहे.

लातूरचा या चौकटींवर विश्वास नव्हता. ती म्हणायची, "कागदाला काय कळतंय? माणसाचं तोंड बघावं." आणि ती खरोखर तोंड बघायची. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात ती विषयांची यादी घेऊन आमच्या सरांकडे गेली. सर विद्यापीठाच्या पेपर काढणाऱ्या पॅनेलवर आहेत अशी वदंता होती (तेव्हा ते नुसतं पुणे विद्यापीठ, सावित्रीबाईंचं नाव २०१४ मध्ये लागलं). सरांना थेट विचारायची कुणाची छाती नव्हती. लातूर फक्त शंका विचारल्यासारखी एकेक विषयाचं नाव घेत गेली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. परत आली ती उजळलेल्या चेहऱ्याने.

"झायगार्निक म्हणलं अन् सर खोकले."

बार्शी आणि मी इतक्या हसलो की वरून आजींनी खिडकी आपटली. सरांना बारमाही खोकला होता, खडूचा. ते हजेरी घेतानाही खोकत. लातूर म्हणाली, हसा तुम्ही, पण नुसतं खोकले नाहीत, खोकून खिडकीबाहेर बघितलं.

मग तिने आम्हाला झायगार्निक समजावला. पुस्तक न उघडता. पायरीवरून उठून, टॉवेल खांद्यावर टाकून, कोपऱ्यावरच्या हॉटेलातला आमचा नेहमीचा वेटर झाली. तो पोरगा कागद-पेन वापरत नसे. सहा टेबलांवरचं सगळं त्याच्या डोक्यात. "दोन कटिंग, एक मिसळ, पाव जादा, मागच्या ताईंचं साबुदाणा वडा पार्सल." लातूरने ते सगळं त्याच्याच हेलात म्हणून दाखवलं. मग बार्शीकडून खोटे पैसे घेऊन खिशात टाकल्यासारखे केले आणि मी विचारलं, "काय काय दिलंस रे आम्हाला?" तर ती कोऱ्या चेहऱ्याने बघत राहिली. "बिल दिलं ना ताई. आता मला काय म्हाईत?"

ब्लूमा झायगार्निक लिथुआनियातून बर्लिनला शिकायला आलेली मुलगी, मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनची विद्यार्थिनी. बिल चुकतं होईपर्यंत वेटरला ऑर्डर तोंडपाठ असते आणि मग ती पुसली जाते, हे कॅफेतलं निरीक्षण या संशोधनाच्या मुळाशी आहे असं सांगितलं जातं. तिने लोकांना कोडी, मातीच्या आकृती, गणितं अशी छोटी छोटी कामं दिली, त्यातली निम्मी मध्येच थांबवली, आणि नंतर काय काय केलं ते आठवायला सांगितलं. अर्धवट राहिलेली कामं जवळजवळ दुपटीने आठवली. हे १९२७ मध्ये छापून आलं. पुढे इतरांनी तो प्रयोग केला तेव्हा निष्कर्ष दर वेळी तसाच आला नाही, पण पाठ्यपुस्तकांना त्याची फिकीर नसते, आणि टॉवेलवाल्या लातूरला तर नव्हतीच.

दोन वाजता आम्ही वही मिटली. सकाळी आजींनी तिघींच्या हातावर दहीसाखर ठेवली. लातूरने पहिल्या वर्षापासून परीक्षेला घालायची तीच फिकट जांभळी ओढणी घेतली. बार्शीने उजवा पाय आधी बाहेर टाकला. मी या सगळ्याला हसले आणि पेनाचं टोपण तीन वेळा उघडून बंद केलं, कारण एसवायला तसं केल्यावर पेपर सोपा गेला होता.

स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये भुकेल्या कबुतरांना पिंजऱ्यात ठेवून ठरावीक वेळाने दाणा दिला. कबुतर काहीही करो वा न करो, वेळ झाली की दाणा. आठपैकी सहा कबुतरांनी आपापला काहीतरी विधी सुरू केला. एक घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गिरक्या घेऊ लागलं, एक पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसू लागलं. दाणा आला त्या क्षणी जे करत होतो त्यानेच दाणा आला, अशी त्यांची समजूत झाली असावी असं स्किनरने मांडलं. हा प्रयोग आम्ही 'हमखास' सदरात टाकला होता, पाठ केला होता, आकृतीसकट. ओढणी, उजवा पाय आणि टोपण घेऊन आम्ही तो लिहायला निघालो.

पेपर सुटल्यावर कट्ट्यावर नेहमीचं झालं. बार्शी म्हणाली, "बघ, माझ्या यादीतलं जवळजवळ सगळं आलं." तिच्या यादीत एकतीस विषय होते. एवढं मोठं जाळं टाकल्यावर मासा बाहेर राहील कसा? पण तेव्हा हे मोजायचं कुणाला सुचत नाही. लातूर काहीच बोलली नाही. उसाचा रस प्यायली. मे महिन्यात तिचं लग्न झालं, निकालाच्या वेळी ती पुण्यात नव्हती. मी एमए केलं, मग शिकवायला लागले, आणि गोष्ट सांगायला लागले.

आता तो फोटो. बार्शी एका शाळेत समुपदेशक आहे, तिने घर बदललं, खोक्यात वही निघाली. पान पिवळं पडलंय, एका कोपऱ्यावर चहाचा गोल डाग आहे. चौकटी, फुल्या, टिंबं. मी मोठ्या अभिमानाने बोटांनी फोटो मोठा केला आणि झायगार्निकची ओळ शोधली. १९९८ खाली टिंब. आणि पुढे, माझ्या अक्षरात, माझ्याच त्या तिरक्या, शेपूट काढलेल्या 'ल'सकट लिहिलंय, 'गेल्या वर्षीच आला. नाही येणार. वेळ घालवू नका.' खाली दोन रेघा.

मी तो फोटो तीन वेळा बंद करून उघडला. टोपणासारखाच.

मला खोटं बोलायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. मला तो क्षण दिसतो. मी मधल्या पायरीवर आहे, बोट वर केलंय, 'लिहून ठेवा' म्हणतेय. आवाजसुद्धा ऐकू येतो. आणि हे काय आहे तेही मला ठाऊक आहे, कारण मी तेच शिकवते. निक्सन १९७२ मध्ये आधी चीनला आणि मग मॉस्कोला गेले, त्याच्या आधी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना बारूख फिशहॉफ आणि रुथ बेथ या संशोधकांनी विचारलं होतं, की या भेटीत काय काय घडेल? माओंची गाठ पडेल का, वगैरे. प्रत्येक गोष्टीची शक्यता आकड्यांत लिहायची. भेटी झाल्यावर त्यांनाच पुन्हा विचारलं, तुम्ही तेव्हा किती शक्यता लिहिली होती ते आठवून लिहा. जे घडलं होतं, त्याची शक्यता आपण आधीच जास्त लिहिली होती असं त्यांना प्रामाणिकपणे आठवत होतं. कागद मात्र वेगळं सांगत होते. हे १९७५ मध्ये प्रसिद्ध झालं. वर्गात हा प्रयोग सांगताना मी उदाहरण म्हणून सामन्यानंतरचे तज्ज्ञ घेते, निवडणुकीनंतरचे मामा घेते. स्वतःचं घ्यायचं कधी डोक्यात आलं नाही.

बरं, नुसता अंदाज आपल्या नावावर करून मी थांबले नव्हते. तो कुणाचा तरी होता. ती खालच्या पायरीवर भिंतीला टेकून बसायची.

ग्रुपवर बार्शीने हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची ओळच टाकली. मी काय लिहावं या विचारात होते. लातूर ग्रुपवर फारशी बोलत नाही, सकाळी एक फूल आणि सुविचार पाठवते, संपलं. त्या दिवशी दुपारी तिचा एकच निरोप आला.

"सर खोकले होते."

मी तिला फोन केला. नातवाच्या बारशाच्या गडबडीत होती. म्हणाली, मला पेपरातलं काही आठवत नाही गं, तो वेटर आठवतो. मीही तेच म्हणाले. मला त्या प्रकरणातलं आणखी काय आठवतं म्हणून पाहिलं, तर हिरव्या हायलायटरने रंगवलेली पानं दिसतात, कोरी. जे जिन्यात कुणी कुणाला विचारलं, चिडून वाद घातला, नक्कल करून दाखवली, तेवढंच शिल्लक आहे. (माझ्या आठवणीवर आता कुणी विश्वास ठेवावा असं मी म्हणणार नाही, पण यात तरी आम्हा दोघींचं एकमत आहे.) रोडिगर आणि कार्पिके या दोघा मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा अभ्यास आहे. विद्यार्थ्यांना उतारे दिले, एक सूर्याबद्दल, एक सागरी पाणमांजरांबद्दल. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. मला वाटतं, प्रश्न काढायच्या नावाखाली आम्ही रात्रभर तेच केलं. येणार की नाही येणार हे भांडायला आधी तो विषय थोडा तरी डोक्यातून बाहेर काढावा लागतो. अंदाज चुकले तरी त्यातलं बरंच डोक्यात राहून गेलं. नुसती दुसऱ्याने पाठवलेली यादी पाठ करणाऱ्यांचं काय होतं ते मी हल्ली दर एप्रिलमध्ये तपासते.

हल्ली चौकटी कुणी आखत नाही. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर 'आयएमपी' नावाचा फोटो फिरतो, कुणी काढला ते कुणाला माहीत नसतं, त्यावर तीन चांदण्या असतात. मुलं ते मोबाइलवरच वाचतात. मी रागावते, पण जुन्या माणसासारखं 'आमच्या वेळी' म्हणायची माझी ऐपत राहिलेली नाही. वहीचा फोटो बार्शीच्या मोबाइलमध्ये आहे.

तरी एखादी निघते. परवा स्टाफरूममध्ये एक मुलगी आली. खेड्यातून एसटीने येणारी, पुढच्या बाकावर न बसणारी. हातात दुमडलेला कागद. "मॅडम, शंका आहेत जरा," म्हणाली आणि एकेक विषयाचं नाव वाचायला लागली. शंका काही विचारेना. नाव वाचायचं, मान वर करायची, माझ्याकडे बघायचं, पुढचं नाव.

तिसऱ्या नावाला मला उमगलं.

बर्लिनमध्ये एक घोडा होता, हान्स. त्याचे मालक फोन ऑस्टेन हे निवृत्त गणितशिक्षक. तो बेरजा-वजाबाक्या करून खुराने उत्तरं ठोकायचा. १९०७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्टने उकल केली. घोड्याला गणित येत नव्हतं. बरोबर आकड्यापाशी विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर व्हायचं, तेवढं बघून हान्स थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल किंवा तो दिसत नसेल, तर घोडा गडबडायचा. गंमत म्हणजे हे कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल आवरता येत नव्हती.

मी कॅटलॉग उघडला आणि त्यात डोकं घातलं. चेहरा शक्य तितका दगडासारखा ठेवला. ती वाचत राहिली. मी 'हं' म्हणत राहिले, सगळ्यांना सारखाच 'हं', मोजूनमापून. पंखा फिरत होता. कुणीतरी दाराशी चहा ठेवून गेलं.

यादी संपली. तिने कागद घडी करून ओढणीच्या टोकात बांधला, "थँक्यू मॅडम" म्हणाली आणि दारापर्यंत गेली. तिथे वळली.

"मॅडम, पाचव्याला तुम्ही चहाकडे बघितलंत."

मी म्हटलं, चहा थंड होत होता. ती म्हणाली, "हो का," आणि गेली. पाचवा विषय कोणता होता ते इथे लिहिणार नाही. पेपर अजून व्हायचाय.